अश्तिशातचं मीठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोला, वैशालीलासुद्धा नाही. अश्तिशातच्या चर्चच्या दारातलं मीठ मी काढून टाकलं. क्लायंटने काढलं नाही, आमच्या साहेबाने, यूपने काढलं नाही, वेळ कमी पडला म्हणूनही ते राहून गेलं नाही. मी काढलं, आणि काढताना मला पक्कं ठाऊक होतं की ते तिथे असायला हवं.

संपादकबाईंनी फोन करून ‘नेदरलँड्समधल्या तुमच्या कामाबद्दल लिहा, दिवाळी अंकाला जरा वेगळं होईल’ असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात सायकली, वारा आणि डच साहेबांचे किस्से असावेत. तसं लिहायला बसलोही होतो. पण दर वेळी दोन परिच्छेद झाले की हात थांबायचा. म्हणून आता जे अडलंय तेच लिहितो.

माझं काम पडलेल्या इमारती उभ्या करण्याचं. संगणकावर. पुण्यात असताना मी गेम बनवणाऱ्या कंपनीत होतो, तिथे राक्षसांचे किल्ले बांधायचो. इथे आलो ते एका छोट्या स्टुडिओत. ते संग्रहालयांसाठी नाहीशा झालेल्या वास्तू पुन्हा उभारून दाखवतात. उत्खननात चार दगड सापडलेले असतात, कुठल्या प्रवाशाने दोन ओळी लिहिलेल्या असतात, आणि त्यावरून आम्ही भिंती, खांब, छत, उजेड सगळं करतो. प्रेक्षक चष्मा लावून आत फिरतो आणि त्याला वाटतं, असंच होतं.

धोका तिथेच आहे. म्हणून या धंद्यात एक पद्धत असते. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला खात्रीचा रंग द्यायचा. प्रत्यक्ष सापडलेलं ते राखाडी. सापडलेलं नाही, पण कुणीतरी लिहून ठेवलंय किंवा तशाच दुसऱ्या ठिकाणी दिसतं, ते पिवळं. नुसती कल्पना असेल ते गुलाबी. हे रंग फक्त आम्हाला दिसतात. क्लायंटला शेवटची प्रत देताना गुलाबी ते सगळं लपवायचं, हा स्टुडिओचा नियम. रंग ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण मी शंकेखोर आहे असं यूपचं मत.

यूप आमचा मालक. साडेसहा फुटी, तोंडावर खरं बोलणारा, त्याचा अभिमान बाळगणारा. टिलबर्गजवळच्या एका पाडलेल्या मठाचं प्रार्थनागृह आम्ही केलं, तेव्हा गावच्या समितीतले निम्मे म्हातारे म्हणाले छत निळं होतं, निम्मे म्हणाले हिरवं. आयुष्यभर त्याच छताखाली गुडघे टेकलेली माणसं! मी छताला गुलाबी दिला, म्हणजे शेवटच्या प्रतीत छतच नाही. दोन्ही पक्ष खवळले. यूपने त्यांना कॉफी पाजली आणि सांगितलं, “याच्याशी भांडू नका. हा तुमच्या येशूलाही पुरावा मागेल.” दुसऱ्या एका बाईंना रोमन काळातल्या घरात स्वतःचा मेलेला कुत्रा हवा होता. तोही गुलाबी. सांगायचं एवढंच, की लोक माझ्या रंगांवर विश्वास ठेवत, आणि मला ते आवडायचं.

अश्तिशातचं काम आलं ते करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात. हे आर्मेनियन लोकांचं फार जुनं देवस्थान. आज ती जागा तुर्कस्तानच्या पूर्व भागात आहे आणि तिथे बघण्यासारखं जवळपास काहीच नाही. सतराशे वर्षांपूर्वी तिथे टेकडीवर तीन देवळं होती: अजगर मारणारा वहाग्न, सोन्याची आई म्हणवली जाणारी अनाहित, आणि प्रेमाची, पाण्याची देवी अस्तघिक. राजे तिथे बळी द्यायला येत. मग राजाने ख्रिस्ती धर्म घेतला, देवळं गेली, आणि त्याच ठिकाणी त्या देशातलं पहिल्यावहिल्यांपैकी एक चर्च उभं राहिलं. त्या बदलाचं फिरतं प्रदर्शन व्हायचं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि प्रदर्शनाची ऑनलाइन सफर करायचं ठरलं. मी नीउ-व्हेनेप गावातल्या माझ्या घरात, वरच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी बसून देवळं बांधायला आणि पाडायला लागलो.

पाडायचं कसं, हाच प्रश्न होता. जुन्या कथेत असं आहे की राजाला ख्रिस्ती करणाऱ्या संताची माणसं हातोडे घेऊन टेकडीवर गेली तर त्यांना देवळाचं दारच सापडेना. मग संताने क्रूस धरला, वादळ सुटलं आणि सगळं नाहीसं झालं, दगड राहिला नाही, लाकूड राहिलं नाही. यूप हे ऐकून खुर्चीतून उठलाच होता. “वादळ! मिलिंद, मला वादळ पाहिजे!”

आमच्या सल्लागार होत्या सिरानुशबाई. येरेव्हानमध्ये इतिहास शिकवायच्या, वीसेक वर्षांपूर्वी इथे आल्या, आल्मेरेत राहत. साठी ओलांडलेल्या, लाल लिपस्टिक लावल्याशिवाय कॅमेरा सुरू न करणाऱ्या. आर्मेनियन लोक मायेने नावापुढे ‘जान’ लावतात, तसं त्या मला मिलिंद-जान म्हणत. पहिल्यांदा ते ऐकून वैशाली जिन्यातून ओरडली होती, “कोण रे ती? मला इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नाही!”

सिरानुशबाईंना वादळ मान्य नव्हतं. “हवा तर आवाज घाला वाऱ्याचा,” त्या म्हणाल्या, “पण देव असे जात नाहीत. लोक रविवारी चर्चमध्ये गेले आणि सोमवारी काय केलं, ते दाखवा.”

“काय केलं?” यूपने विचारलं.

“मेंढा आणला. नेहमीसारखाच. दुसरं काय आणणार?”

मग त्यांनी सांगितलं. परंपरा अशी, की देवळांच्या पुजाऱ्यांनी संताला विचारलं: बळी बंद झाले तर आमची पोटं कशी भरायची? संताने सांगितलं, मेंढा आणा, पण आधी मीठ मंत्रून घ्या. ते मीठ त्याला चाटवायचं, मग कापायचा, नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवायचा आणि त्याच दिवशी वाटून टाकायचा. घरात काही ठेवायचं नाही. याला मताघ म्हणतात. आजही नवस फिटला, आजारातून माणूस उठला, की आर्मेनियन घरात मताघ होतो. देव बदलले, चर्च आलं, पण मेंढा त्याच चढावरून त्याच दारात येत राहिला. सिरानुशबाईंचं म्हणणं, चर्चच्या दाराशी एक दगड दाखवा, त्यावर मीठ, बाजूला मेंढा धरून उभा असलेला माणूस. बस. बदल म्हणजे काय ते तेवढ्यात कळेल.

त्यांचा आग्रह नुसता इतिहासाचा नव्हता. त्यांची आई, नव्वदीची, आल्मेरेतल्याच एका शुश्रूषागृहात होती. घरात सगळे तिला मायरिक म्हणत, म्हणजे आईच. मायरिकची आई अश्तिशातजवळच्याच एका गावातली, लहानपणी आर्मेनियन लोकांच्या कत्तलीत जीव वाचवून तिथून निघालेली. तिने लेकीला गावाचं एकच चित्र पुन्हा पुन्हा सांगितलं होतं: खाली नदी, वर चर्चच्या दारातला मिठाचा दगड. मायरिक आता नावं विसरत होती, नातवंडांना ओळखत नव्हती, पण तो दगड विसरली नव्हती. “सफर तयार झाली की तिला दाखवीन,” सिरानुशबाई म्हणाल्या. “तिने ते गाव कधी पाहिलं नाही. तू बांध, मिलिंद-जान. लवकर बांध.”

मी दगड बांधला. चांगला बांधला. जाडं मीठ, थोडं ओलसर, कडांना करडं. मेंढ्याच्या लोकरीवर तीन दिवस घालवले. नियमाप्रमाणे तो पिवळा: लेखी परंपरा आहे, त्या प्रदेशात चाल आहे. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे.

आम्ही बौद्ध. माझे आजोबा आमच्या गावच्या मरीआईचे पोतराज होते. पटकीची साथ आली, देवी आल्या, की गाव मरीआईकडे धावायचं आणि आजोबांना बोलवायचं. वाढवलेल्या जटा, कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळ, हातात कोरडा. अंगावर फटके मारून घ्यायचे, रक्त काढायचं. बोकड आणायचा गावाने, कापायचा यांनी. चांगलं मटण वरच्या आळीत जायचं, आम्हाला मुंडकं आणि पाय, आणि पंगत सगळ्यांची उठल्यावर, लांब. दीक्षा घेतली त्या दिवशी आजोबांनी जटा कापल्या. देवीचा मुखवटा पोत्यात बांधून नदीत सोडला आणि मागे वळून पाहिलं नाही, असं वडील सांगायचे. आमच्या घरात धर्म बदलण्याचा अर्थ तो. काही शिल्लक ठेवायचं नाही.

एप्रिलमध्ये आईचा पिंपरीहून फोन आला.

“गावाकडं बायका मरीआईला दहीभात नेतायत म्हणे. करोना जाऊ दे म्हणून.”

“आई, आपला काय संबंध?”

“संबंध कुठं म्हणते? बातमी सांगते.” आणि मग, “तुझा आजा असता तर त्यालाच बोलवायला आले असते मेले.”

मी फोन ठेवला आणि वर जाऊन बैठकीला बसलो. त्या दिवशी सिरानुशबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, “मिलिंद-जान, तुझेही लोक होते तिथे, माहीत आहे? एका जुन्या बखरीत आहे. हिंदुस्थानातून पळून आलेले दोन राजपुत्र, त्यांच्या वसाहती, त्यांचे काळे, लांब केसांचे देव. धर्म बदलल्यावरही ते लोक मुलांच्या डोक्यावर एक बट ठेवायचे. देवाची आठवण म्हणून!” आणि हसून, “विद्वान म्हणतात खरं नाही. पण किती गोड!”

यूप म्हणाला, “मग ती बट पण घाला!”

सगळे हसले. मला आजोबांच्या जटा दिसत होत्या. गोड त्यात काही नव्हतं. मी म्हणालो, “नेट जातंय,” आणि कॅमेरा बंद केला.

त्या दुपारी मी फाइल उघडली, दगड, मीठ, मेंढा आणि माणूस हे चारही निवडले आणि पिवळ्याचे गुलाबी केले. एक क्षण लागला. यूपने विचारलं तेव्हा सांगितलं, “आधार कच्चा आहे.” तो म्हणाला, “तुला माहीत.” सिरानुशबाईंना मी काहीच सांगितलं नाही.

त्यांना सांगता आलं असतं. माझ्या आजोबांबद्दल बोललो असतो, तर ती बाई ऐकून घेणारी होती. देव टाकायला का लागतात, हे गावातून हाकलल्या गेलेल्या बाईच्या नातीला मी समजावू शकलो असतो. कदाचित त्या म्हणाल्या असत्या, बरं, मेंढा नको, नुसतं मीठ ठेव. पण मला लाज वाटली. लंडनला शिकलेल्या, पाच भाषा बोलणाऱ्या लोकांच्या त्या बैठकीत माझा आजा चिंध्या नेसून येऊ नये, असं मला वाटलं. म्हणून मी लाजेला पुराव्याचा रंग दिला. या धंद्यात याहून वाईट काही नाही.

मे महिन्यात सफरीची प्रत तयार झाली. शुश्रूषागृहात भेटीला बंदी होती, नातेवाईक बाहेर बागेत उभे राहून खिडकीतून बघायचे. सिरानुशबाईंना टॅबलेटचं जमेना, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी नाही म्हणू शकलो नाही. गाडी काढून आल्मेरेला गेलो. दुपारची वेळ, ऊन छान पडलेलं. खिडकीच्या आत मायरिक चाकांच्या खुर्चीत, केस विंचरलेले, खांद्यावर निळी शाल. तिच्या शेजारी सुरिनामी नर्स टॅबलेट धरून. बाहेर झुडपांत पाय ठेवून आम्ही दोघं, मध्ये दीड मीटर, आणि काचेतून ऐकू यावं म्हणून फोन चालू ठेवलेला.

नर्सने सफर सुरू केली. नदी आली. टेकडी आली. मायरिकने बोट लावलं आणि काहीतरी म्हणाली. सिरानुशबाई रडत हसत होत्या. “म्हणते, पाणी बरोबर आहे.”

मग देवळं, मग वारा, मग चर्च. नर्स हळूहळू दारापर्यंत गेली. मायरिक पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने नर्सचा हात बाजूला सारला आणि स्वतः पडद्यावर बोट फिरवायला लागली, दाराच्या डावीकडे, उजवीकडे, खाली, जसं कुणी ताटाखाली काही राहिलंय का ते बघतं तसं. आणि एकच शब्द दोनदा म्हणाली.

सिरानुशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “मीठ विचारते. मीठ कुठे आहे?”

मी पायाखालच्या झुडपाकडे बघायला लागलो.

“होतं ना? तू मला दाखवलं होतंस. कुणी काढलं?”

“क्लायंटने,” मी म्हणालो.

त्यांनी फोनवर आईला काहीतरी समजावलं. मायरिकने ऐकलं, मान हलवली, आणि टॅबलेट नर्सकडे परत दिला. नम्रपणे दिला, एखादी वस्तू चुकून आपल्या हातात आली म्हणून परत द्यावी तशी.

“काय म्हणाली?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“म्हणते, छान आहे. पण हे आपलं नाही.”

गाडीपर्यंत परतताना त्या क्लायंटला शिव्या देत राहिल्या. पैसेवाले, अडाणी, चकचकीत चर्च पाहिजे, गरिबाचं जेवण नको. मी होकार भरत होतो. घरी आलो तर वैशालीने विचारलं, “आवडलं का आजींना?” मी म्हणालो, “हो, फार.” लेक तिच्या खोलीतून डचमध्ये ओरडली की वायफाय बंद पडलंय. मी ते दुरुस्त करायला गेलो.

मी रंग त्या आठवड्यातच बदलू शकलो असतो. रोज ठरवायचो. पण बदलला की कुणीतरी विचारणार, आधी का नव्हता? पुढे यूपने नवीन कामं आणली आणि अश्तिशात कपाटात गेलं. हिवाळ्यात दुसरी लाट आली, मायरिक त्यात गेली. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. मी तो पडद्यावर पाहिला. त्याच पंधरवड्यात सिरानुशबाईंनाही करोना झाला, त्या दवाखान्यात होत्या, ऑक्सिजनवर.

तेव्हा मी ते केलं. नवी आवृत्ती काढायचं निमित्त होतं. मी दगड पुन्हा पिवळा केला आणि यूपला लिहिलं, नवा आधार मिळाला आहे. नवा काही नव्हता, तोच होता. त्याने एका शब्दात उत्तर पाठवलं: छान.

वसंतात सिरानुशबाई बऱ्या झाल्या. त्यांनी सफर पाहिली आणि फोन केला. आवाज अजून घोगरा. “तू भांडलास,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक आहे तू क्लायंटशी भांडलास. सगळ्यांना सांगते मी, तो भारतीय मुलगा आमच्या मिठासाठी भांडला.” मी पन्नाशीला आलेला मुलगा. मी म्हणालो, “नाही हो, तसं काही नाही.” त्यांना तो विनय वाटला.

त्यानंतर एका शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली. त्या मास्क लावून दूर फुटपाथवर उभ्या, वरून लिपस्टिक दिसत नव्हती तरी लावली असणार. दारातल्या पायरीवर झाकण लावलेलं पातेलं. मागे गाडीत त्यांचा भाऊ.

“मताघ,” त्या म्हणाल्या. “मी उठले म्हणून. आणि तिच्या नावाने. सात घरी द्यायचा असतो. तुझं घर मी आधीच धरलं होतं. उद्यावर ठेवायचं नाही, हां.”

“आत या ना, बागेत बसू.”

“अजून घरं आहेत.” आणि गाडीत बसताना, “खा. यात मिठाशिवाय काही नाही.”

वैशालीने झाकण उघडलं. “अरे, मसाला नाही काही नाही. कांदा तरी परतू का?”

“नको,” मी म्हणालो. “असंच.”

आम्ही तिघं जेवलो. लेकीने दोनदा घेतलं आणि विचारलं, हे कुठल्या देशाचं? मटण मऊ होतं, रस पाण्यासारखा, त्यात फक्त मीठ. आजोबांच्या वाट्याला कधी मांडी आली नाही, ती माझ्या ताटात होती, पहिल्या पंगतीला, आणि ती मला जिने दिली होती तिच्या आईचं एकमेव गाव मी लपवून ठेवलं होतं. मी सगळं संपवलं. ठेवायचं नव्हतं.

स्टुडिओतलं काम मी पुढच्या वर्षी सोडलं. रंग ठरवण्याच्या कामात माझ्यावर आता माझाच विश्वास नव्हता, पण यूपला सांगितलं की पाठ दुखते. आता एका लॉजिस्टिक्स कंपनीत गोदामांचे नकाशे करतो. तिथे सगळं राखाडी आहे. सिरानुशबाई सणासुदीला फोन करतात, अजूनही मिलिंद-जान म्हणतात.

हे इथे मराठीत लिहिणं मला सोपं गेलं, कारण त्या मराठी वाचत नाहीत. आल्मेरे माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. तिथे जाऊन, त्यांच्यासमोर बसून, मीठ मी काढलं हे आणि माझे आजोबा कोण होते हे, दोन्ही एकत्र सांगणं मी सिरानुशबाईंचं देणं लागतो. मायरिकचं जे लागत होतो, ते आता फेडता येणार नाही.